थरांचं ड्रिलिंग: व्हायब्रेशन हवंच की उगाच खटाटोप?

कार्बाइड: विमानात कार्बन फायबर आणि टायटॅनियम जोडायचं तर दोन्ही थर एकावर एक ठेवून एका दमात होल पाडावं लागतं. बोईंग ७८७ मध्ये वजनाने जवळपास ५० टक्के कंपोझिट (कार्बन फायबरसारखं मिश्र साहित्य) आहे, म्हणजे हे काम आता रोजचं झालंय. माझं स्पष्ट मत, साधं ड्रिलिंग इथे पुरत नाही. टायटॅनियमची चिप, म्हणजे कापून निघणारा किस, तुटतच नाही हो, लांबलचक तापलेली स्प्रिंग होऊन वर येते आणि येताना कार्बनची भिंत खरवडते, मग खालचं होल मापात आणि वरचं मोठं. व्हायब्रेशन म्हणजे ड्रिल फीडच्या (आत सरकण्याच्या) दिशेने थोडं पुढे-मागे हलवत राहिलं की चिपचे बारीक तुकडे पडतात आणि सरळ बाहेर निघतात.

फीडरेट: चिपचं मान्य, पण बाकीचं? व्हायब्रेशनमध्ये धार क्षणभर नेहमीपेक्षा खोल घुसते, म्हणजे जोराचा पीक (सर्वात वरची पातळी) वाढतो. शेवटचा थर कार्बनचा असेल तर ड्रिल बाहेर पडताना तोच पीक थर उचकटतो, म्हणजे डीलॅमिनेशन हमखास. शिवाय धारेवर सतत ठोके, ड्रिलचं कार्बाइड आधीच ठिसूळ. त्यापेक्षा पेकिंग करा, थोडं पाडा, मागे या, पुन्हा पाडा, त्याला वेगळा स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) लागत नाही.

कार्बाइड: पेकिंगमध्ये वेळ किती जातो ते बघा ना, आणि दर वेळी ड्रिल परत आत जाताना भिंतीला घासतं. व्हायब्रेशनमध्ये ड्रिल होलमधून बाहेर येतच नाही, तरी धार दर ठोक्याला धातूपासून सुटते, तेवढ्यात ती थोडी थंड होते. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही, बरीचशी धारेपाशी साचते, तिथे ही फट फार मोलाची आहे. आणि हे नुसतं हलवणं नाही, हिशोब आहे त्यात. दोन धारांच्या ड्रिलला एका फेरीत बरोबर दोन ठोके दिले तर दोन्ही धारांच्या लाटा एकमेकींवर बसतात, चिपची जाडी सगळीकडे सारखी राहते, ती तुटत नाही. दीड ठेवा, लाटा जुळत नाहीत, चिप तुटते, अर्थात अँप्लिट्यूड (पुढे-मागे हलण्याचं अंतर) फीडच्या मानाने पुरेसा हवा.

जिगफिक्स्चर: दोघांचंही थोडं चुकतंय. भांडण व्हायब्रेशन हवं की नको असं नाहीच, ते कुठल्या थरात हवं असं आहे. टायटॅनियममध्ये चालू ठेवा, शेवटच्या कार्बनमध्ये बंद करून फीड कमी करा. थर बदलला हे थ्रस्ट (ड्रिल ढकलायला लागणारा जोर) आणि टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) यांवरून कळतं.

फीडरेट: कळतं, पण उशिरा. ड्रिलचं टोक थर ओलांडतं तेव्हा बाहेरच्या कडा अजून वरच्याच थरात असतात, सिग्नल हळूहळू बदलतो. त्यात कार्बन धार बोथट करतो, बोथट धारेने थ्रस्ट वाढतो, मग मशीनने थर बदलला समजायचं की ड्रिल झिजलं? हे सुटेपर्यंत मी तरी शेवटच्या कार्बन थरात व्हायब्रेशनवर भरवसा ठेवणार नाही.

कार्बाइड: शेवटच्या कार्बन थराचं मान्य. पण टायटॅनियम खाली असेल तिथे कार्बनला खालून आधार असतो, बाहेर पडताना उचकटायचा प्रश्नच येत नाही, तिथे तरी आजच चालू करायला काय हरकत आहे ते सांगा.