जंताची गोळी: एकट्या मुलाला की सगळ्या घराला?

नेहा, बी-२०४: लेक ५ वर्षांचा. रात्री शीच्या जागी खाज, झोपच नाही. १० फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी चघळली होती. महिन्यात परत कसे?

डॉ. केळकर, ए-१०१: रात्रीची खाज म्हणजे बहुतेक सुतकृमी. मादी रात्री बाहेर येऊन त्या जागेभोवती अंडी घालते. खाजवलं की ती नखांत, नखांतून तोंडात. अल्बेंडाझोलने, म्हणजे या जंताच्या गोळीतल्या औषधाने, जंताला साखर शोषता येत नाही, तो मरतो. पण अंडी वाचू शकतात. म्हणून आज ४०० मिग्रॅ आणि १४ दिवसांनी पुन्हा ४००. शाळेचा एक डोस गोलकृमीला बहुधा पुरतो, इथे नाही.

नेहा: आधी शी तपासून घेऊ?

डॉ. केळकर: त्यात ही अंडी सहसा सापडत नाहीत. सकाळी धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबायची, काचपट्टीवर चिकटवून लॅबला द्यायची. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्या.

सुहास, मेडिकलवाले: सिरपची १० मिलीची बाटली म्हणजे ४०० मिग्रॅ. २ वर्षांपुढे पूर्ण, १ ते २ वर्षांना अर्धी, तेही डॉक्टरांना विचारून. आधी नीट हलवा, औषध तळाशी बसतं. गोळी असेल तर चावून किंवा कुटून पाण्यातून. रडणाऱ्या पोराच्या तोंडात कोंबू नका, घशात अडकते.

नेहा: जाऊबाईंना दुसरा महिना आहे.

डॉ. केळकर: त्यांना अजिबात नको. पहिले ३ महिने हे औषध टाळतात. त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तोवर हात धुणं आणि नखं कापणं. घरात कुणाला फिट येत असेल तर त्यांनीही स्वतःहून घेऊ नये. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असल्या तर या औषधाने तिथे सूज येऊन झटका येऊ शकतो.

कुलकर्णी काकू, ए-३०२: आमच्याकडे वावडिंग उकळून देत.

डॉ. केळकर: काकू, त्यात औषध किती उतरलं ते मोजता येत नाही. गोळीऐवजी नको.

सुहास: चादरी-चड्ड्या झटकू नका, अंडी उडतात. गोळा करून थेट गरम पाण्यात. अंडी घरात २-३ आठवडे टिकतात.

नेहा: बरं, येत्या रविवारी सगळे घेतो. दुसरा डोस पुढच्या रविवारी ना?

डॉ. केळकर: नाही, त्याच्याही पुढच्या. मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवा. खाज थांबली की दुसरी गोळी हमखास राहते.