मदत हवी आहे: जुने चिनी तलवारबाजीचे सिनेमे आणि रशियन घरगुती सिनेमे, पुढे काय बघू?

नमस्कार मंडळी,

दोन अगदी वेगळ्या जातीच्या सिनेमांबद्दल एकाच धाग्यात विचारतेय, कारण बघणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि आई, आणि दोघींनाही दोन्हींचं वेड लागलंय.

आधी चिनी, म्हणजे हाँगकाँग-तैवानचे साठ-सत्तरच्या दशकातले. सुरुवात दिग्दर्शक किंग हूपासून केली. 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) मध्ये चेंग पेइ-पेइ खानावळीत टेबलाशी शांत बसलेली असते, गुंड हळूहळू भोवती जमत जातात आणि ती जागची हलत नाही, तो सीन आम्ही मागे नेऊन परत बघितला. ती लहानपणी बॅले शिकलेली, ते तिच्या पावलांत दिसतं. मग 'ड्रॅगन इन' (१९६७), मिंग काळ, एका मंत्र्याला मारून त्याच्या मुलांना सरहद्दीवर हद्दपार केलेलं आणि त्यांना संपवायला दरबारातल्या बलाढ्य खोजाची माणसं ओसाड सराईत दबा धरून बसलेली. आणि मग 'अ टच ऑफ झेन' (१९७१), तीन तासांचा, त्यात जवळपास पहिला तास तलवार उपसलीच जात नाही, नुसता एक गरीब चित्रकार, पडका किल्ला, शेजारी राहायला आलेली अनोळखी मुलगी आणि परीक्षा दे, लग्न कर म्हणून मागे लागलेली त्याची आई. आमच्या आईला तीच सगळ्यात आवडली! १९७५ ला कान चित्रपट महोत्सवात या सिनेमाला तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं, बांबूच्या वनातली लढाई बघितल्यावर ते का ते कळतं.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते लढाईआधीचं थांबणं. कोण कुठे बसलंय, दारू कोण ओततंय, कोण मुद्दाम बघत नाहीये, इतक्यातच सगळं कळून चुकतं.

आणि नेमकं तेच मला रशियन घरगुती सिनेमांत सापडलं. 'सिर्योझा' (१९६०) बघितलाय का कुणी? दानेलिया आणि तालांकिनचा. बाप युद्धात गेलेला, आई दुसरं लग्न करते आणि सगळा सिनेमा त्या छोट्या पोराच्या नजरेतून. एक पाहुणा त्याला खाऊची गोळी म्हणून नुसता रिकामा कागद देतो, पोरगं त्याला तोंडावर विचारतं की तुम्ही मूर्ख आहात का, आई चिडते आणि नवीन वडील मात्र पोराची बाजू घेतात. बोंदार्चुकने केलेत ते वडील, काय माणूस उभा केलाय! शेवट इथे सांगत नाही, पण आम्ही दोघी रडलो. नंतर मिखाल्कोवचा 'फाइव्ह इव्हिनिंग्ज' पण बघितला, एका मजल्यावरच्या खोल्या, बहिणीच्या मुलाला वाढवणारी बाई आणि युद्धाआधीचा प्रियकर इतक्या वर्षांनी दारात. 'मॉस्को डझ नॉट बिलीव्ह इन टिअर्स' आईने तरुणपणीच बघितलेला, ऑस्कर मिळालेला म्हणून तेव्हा गाजला होता.

तर आता मदत.

किंग हूचा १९७९ चा 'रेनिंग इन द माउंटन' पुढे घ्यावा की दिग्दर्शक चोर युएनकडे वळावं? चोर युएनचे गु लुंगच्या कादंबऱ्यांवरचे सिनेमे कादंबरी न वाचता समजतात का? दिग्दर्शक चांग चेह नको, 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' चांगलाच आहे पण एवढं रक्त आईला झेपत नाही. आणि हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचे इंग्रजी डब केलेले अजिबात नकोत, मँडरिनच हवेत.

रशियनमध्ये मुलं, आजीआजोबा, सावत्र नाती असलेलं काहीही सुचवा, रणांगण नको. १९९० नंतरचं चांगलं काही असेल तर ते आधी, कारण मला त्यातलं काहीच माहीत नाही.

आणि मोठी अडचण सबटायटल्सची. मोसफिल्म या रशियन स्टुडिओच्या यूट्यूब चॅनलवर बरेच जुने सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससकट फुकट आहेत, पण आईला इंग्रजी तेवढ्या वेगाने वाचता येत नाही, मी पॉज करून करून सांगते आणि सिनेमाची लय पार जाते. म्हणून 'सिर्योझा'ची मराठी फाईल स्वतःच करायला घेतलीय. लॅपटॉपवर नीट दिसते, पण तीच पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावली की जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. फाईल यूटीएफ-८ (युनिकोड एन्कोडिंग) मध्येच सेव्ह केलीय. सबटायटल्स व्हिडिओवरच कायमची छापून घेणं हा एकच उपाय आहे का, आणि तसं करायचं तर मराठी नीट येणारं फुकट सॉफ्टवेअर कुठलं? कुणी केलं असेल तर प्लीज स्टेपवार सांगा.