जपानीच्या वर्गात फुटाणे उधळले आणि पालक चिडले

पारिजात_कोथरूड:
घरीच जपानीचा वर्ग घेते. अकरा मुलं, वयं ६ ते ८. लिपीचं म्हणाल तर आमची गाडी अजून हिरागानाच्या 'ना'पाशी अडलीय.

३ फेब्रुवारीला सेत्सुबुन होता. जपानात त्या दिवशी भाजलेले सोयाबीन फेकून ओनीला, म्हणजे राक्षसाला, हाकलतात. "ओनी वा सोतो, फुकु वा उची!" राक्षस बाहेर, सुख घरात. मग वयाइतके दाणे खायचे. सोयाबीन कुठे भाजत बसू, म्हणून पाव किलो फुटाणे आणले. राक्षस मीच, लाल पुठ्ठ्याचा मुखवटा बांधून. पोरं अशी तुटून पडली की एक फुटाणा मुखवट्याच्या डोळ्यातून थेट आत! सोतो म्हणजे बाहेर, उची म्हणजे आत, हे महिनाभर कार्डं दाखवून डोक्यात शिरलं नव्हतं, ते दहा मिनिटांत शिरलं.

तेवढ्यात सात वर्षांची एक पोरगी थांबली. "सेन्सेई, अन्न पायदळी येतंय." आणि खाली बसून वेचायलाच लागली.

रात्री ग्रुपवर तिच्या आईचा मेसेज: भाषा शिकवा, ही थेरं कशाला? राग आला खरा. पण पोरीचं चुकलं असंही म्हणवत नाही. पुढच्या वर्षी हे गाळू का? किमोनो घालून फोटो काढणं म्हणजे संस्कृती, असला वर्ग मला घ्यायचा नाहीये.

नागपुरी_संत्रं:
गाळू नका ना जी! आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे वाईटाच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. इडा पिडा घेऊन जा गे मारबत, असं ओरडत अख्खं गाव मागे. तुमचा ओनी तिचाच भाऊ. आधी मारबत सांगा, मग ओनी.

सापोरोकर:
ताई, इकडे उत्तर जपानात, होक्काइडोत, सोयाबीन नाही, भुईमुगाच्या शेंगा फेकतात, टरफलांसकट. शेजारच्या तोहोकू भागातही तेच. बर्फात पडल्या तरी वेचायच्या, फोडायच्या, आतला दाणा स्वच्छ. माझी लेक बालवाडीतून खिसे भरून आणायची. तुमची ती छोटी विद्यार्थिनी म्हणते ते इकडच्या लोकांनाही पटलेलं आहे, एवढं तिच्या आईला कळवा.

कडू_कारलं:
सण वर्षातून एकदा. बूट दर वर्गाला निघतात. आत येताना 'ओजामाशिमास' (तुम्हाला त्रास देतोय, माफ करा) म्हणायचं आणि बूट टोकं दाराकडे करून जोडीनं लावायचे. त्याला फुटाणे लागत नाहीत.

मावशी६४:
वयाइतके दाणे? माझ्या कवळीचा विचार करा गं.

पारिजात_कोथरूड:
शेंगा! हे सुचलंच नव्हतं. मारबतीचे फोटो दाखवले, तर आता सगळ्यांना मारबत करायचीय. बुटांचंही सुरू केलं, काल बावीसपैकी सहा दाराकडे तोंड करून होते.

त्या पोरीला विचारलं, शेंगा फेकल्या तर चालेल? जरा विचार करून म्हणाली, "चालेल. पण राक्षसानं पण वेचू लागायचं."