तीन महिने घर बंद राहणार, काय काय करून निघू? (बजेट ६,००० च्या आत)

निवृत्त_पोस्टमास्तर
नमस्कार मंडळी. टपाल खात्यातून मार्चमध्ये निवृत्त झालो. गाव चांदूर बाजार तालुक्यात. सौ.ला दम्याचा त्रास आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा सुरू झाला की नेब्युलायझरशिवाय रात्र जात नाही. नोकरीत असताना रजा मिळायची नाही, आता सबब उरली नाही. म्हणून गुहागरला समुद्राजवळ एक खोली भाड्याने ठरवली आहे. ८ डिसेंबरला बडनेऱ्याहून निघायचं आणि होळीच्या आत परत यायचं. लग्नाला ३४ वर्षं झाली, एवढे दिवस दोघंही घराबाहेर कधी राहिलो नाही.

घराचा पुढचा भाग जुना, कवेलूचा म्हणजे कौलारू. मागे स्लॅबच्या दोन खोल्या. अंगणात विहीर आणि तिच्यावर एक एचपीची मोटर. १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी, फ्रिज, दोन कोठ्या ज्वारी-गहू. ओसरीवर आठ-नऊ क्विंटल कापूस पडून आहे. वानेरं येतात. गावात चोरी नाही, पण दिवाळीत शेजारच्या गावात दोन घरं फुटली.

मेन स्विच पाडून जावं की चालू ठेवावं? बॅटरीचं काय करावं? धान्याचं काय? आणि एक मांजर आहे. आमची नाही म्हणतो, पण जेवते आमच्याकडेच.

बजेट ६,०००. त्यापेक्षा जास्त जमणार नाही.

वऱ्हाडी_भाऊ
काका, कॅमेरा लावा. दुसरं काही इचारूच नका. मी मागच्या साली चार कॅमेऱ्याचा सेट बसवला, डीव्हीआर (चित्रण साठवायची पेटी) धरून २२ हजार लागले, पण पैसा वसूल. नागपूरले पोरीच्या घरी बसून पाहून राह्यलो होतो, तं कोणाची तरी गाय माह्या सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यात शिरली. तिथूनच फोन लावून हाकलली!

आर्वीकर
भाऊ, त्यांनी सहा हजार लिहिलंय.

वऱ्हाडी_भाऊ
सहा हजारात आजकाल कुलूप तरी येते का धड?

जुना_वाडा
कॅमेऱ्याचं माझ्याकडून ऐका. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी चोर आले, कपाट फोडलं आणि जाताना डीव्हीआरसुद्धा घेऊन गेले. पुरावाच नेला. पोलिसांना दाखवायला माझ्याकडे फक्त भिंतीवरचे खिळे. नंतर कळलं की चित्रण फोनवर किंवा क्लाउडवर साठवायची सोय आधीच करून ठेवायची असते. आणि राऊटरला बॅकअप नसेल तर लाईट गेली की कॅमेरा आंधळा.

मेन स्विच पाडा. तीन महिने घरात माणूस नाही, वीज कशाला हवी?

बॅटरीवाला_मामा
मेन पाडला तर इन्व्हर्टरचं काय, याचा विचार केला का? मेन गेला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली. तो बॅटरीवर सुरूच राहतो आणि चार दिवसांत बॅटरी खाली. रिकामी बॅटरी तीन महिने तशीच पडली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, मग ती पूर्वीसारखी चार्ज होत नाही. माझी स्वतःची गेली आहे अशी, तेरा हजारांची.

आता माझी पद्धत सांगतो. निघण्याच्या आठ दिवस आधी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा. नळाचं नको, विहिरीचं तर नकोच. तरंगा वरच्या खुणेपर्यंत आला की थांबा, ओतू नका. एक दिवस पूर्ण चार्ज होऊ द्या. निघताना आधी इन्व्हर्टर बंद करा आणि मग बॅटरीची उणे बाजूची वायर काढून ठेवा. कोणी महिन्यातून एकदा येऊन जोडून चार्ज करून देणार असेल तर उत्तमच.

दर्यापूरची_माई
आम्ही बॅटरी चालूच ठेवून गेलो होतो, काही झालं नाही.

बॅटरीवाला_मामा
माई, किती दिवस?

दर्यापूरची_माई
नऊ दिवस. शेगावला पारायणाला.

बॅटरीवाला_मामा
🙏

रूफटॉपवाला
मेन पाडा असा सल्ला सरसकट देऊ नका. ज्यांच्या छतावर नेट मीटरवालं सोलर आहे त्यांनी मेन पाडला की सोलरचा इन्व्हर्टरही बंद होतो, मग युनिट महावितरणकडे जातच नाहीत. हिवाळ्यात ऊन कसं कोरडं, लख्ख असतं! मी गावाला गेलो की युनिट जमा होतात, बिल जवळजवळ शून्य येतं.

आर्वीकर
त्यांच्याकडे सोलर आहे असं कुठे लिहिलंय?

रूफटॉपवाला
नसेल तर बसवावं. अनुदान आहे.

दर्यापूरची_माई
फ्रिजचं कोणी बोललंच नाही. मुलीच्या बाळंतपणाला महिनाभर अकोल्याला होते. मागे कधीतरी एमसीबी पडला अन् लाईट गेली. फ्रिजमध्ये काय काय होतं ते सांगत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल. दार उघडलं तशी मी उलटी अंगणात आले. तो फ्रिज पुढे दोन वर्षं वापरला, पण दुधाला वास यायचा म्हणजे यायचाच. फ्रिज रिकामा करा, बर्फ वितळू द्या, कोरडा पुसा आणि दाराला कापडाची गुंडाळी लावून फट ठेवा. बंद फ्रिजचं दार लावलं की आत बुरशी.

आणि मोरी! मोरीच्या अन् संडासच्या पाइपाच्या वाकात जे पाणी थांबतं, त्यानेच वास अन् झुरळं अडतात. वापर नसला की ते पाणी वाळून जातं. निघताना तांब्याभर पाणी ओता, वरून दोन-तीन चमचे तेल सोडा. तेलाखाली पाणी लवकर आटत नाही. मोरीवर जाळी ठेवून वर वीट ठेवा, थंडीत घोणस फिरते.

सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा, नुसती शेगडी बंद करून जाऊ नका. लोणच्याच्या बरण्या मुलाला पाठवून द्या. पापड-कुरडया तिकडेच घेऊन जा, समुद्राकडे कोण वाळवणार?

खत_बी_बियाणे
धान्याले सल्फासच्या गोळ्या. कोठीत दोन-चार टाका, झाकण लावा, निघा. एक सोंडा राहत नाही. आम्ही दरसाल टाकतो.

सिस्टर_ताई
हे लिहिणं थांबवा. मी ग्रामीण रुग्णालयात २६ वर्षं नर्स होते. हवेतला ओलावा लागला की त्या गोळीतून फॉस्फीन वायू निघतो. त्याला उतारा देणारं औषध नाही, आणि त्याने गेलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. गोदामवाले प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडून, ताडपत्री सील करून वापरतात. राहत्या घरात, जिथे परत येऊन एक दम्याची बाई झोपणार आहे, तिथे कोणीही टाकू नये. पोस्टमास्तरसाहेब, धान्य दोन दिवस कडक उन्हात वाळवा, गार होऊ द्या, मग कोठीत भरा. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. तीन महिन्यांपुरतं तेवढं पुरतं.

आणि एक विचारते. दम्याची बाई घरात, अन् ओसरीवर आठ क्विंटल कापूस? त्याची धूळ आणि बारीक तंतू रोज तिच्या नाकात जातात. गारठ्याचं म्हणता, पण आधी कापूस हलवा.

खत_बी_बियाणे
मी कोठीचं बोललो, खोलीचं नाही.

सिस्टर_ताई
कोठी खोलीतच असते.

संत्रावाला
कापूस आत्ता विकू नका हो. भाव वाढणार. फेब्रुवारीपर्यंत धरून ठेवा.

जिनिंगजवळचा
दरवर्षी फेब्रुवारीत वाढणार, फेब्रुवारीत मार्चला वाढणार. यंदा, २०२५-२६ च्या हंगामात, लांब धाग्याला क्विंटलला ८,११० हमीभाव आहे. ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी केली असेल तर विक्रीचा स्लॉट घ्या आणि सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नेऊन टाका. फक्त ओला नेऊ नका. ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. आणि कुलूप लावलेल्या घरात कापूस ठेवून कोण जातं? एक ठिणगी पडली तर विझवायला आत जायचं कुठून?

संत्रावाला
आग लागायची असती तर आतापर्यंत लागली असती. बरं, तुमच्याकडे संत्रा आहे का? आंबिया बहाराचा ताण डिसेंबरात असतो, तेव्हा झाडांचं पाणी तोडावंच लागतं. त्या हिशेबाने तुमचं जाणं बरोबर वेळेला आहे.

निवृत्त_पोस्टमास्तर
संत्रा नाही. जांबाचं (पेरूचं) एक झाड आहे.

संत्रावाला
मग वानेरं त्याच्यासाठीच येतात.

ज्येष्ठ_प्रवासी
तिकीट काढलं का? आता रिझर्व्हेशन फक्त ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. परतीचं ध्यानात ठेवा, होळीची गर्दी असते. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती परत आलीच नाही. एसटी मात्र पंच्याहत्तरीच्या वर फुकट. मी ७७ चा आहे, मागच्या महिन्यात चिखलदऱ्यापर्यंत एक पैसा न देता गेलो. शेजारच्या सीटवरचा ७४ चा होता, त्याला अर्धं तिकीट लागलं. तोंड बघण्यासारखं होतं त्याचं.

सिस्टर_ताई
हयातीचा दाखला विसरू नका. नोव्हेंबर सरायच्या आत द्या. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण नंतर गुहागरला रेंज शोधत बसू नका.

निवृत्त_पोस्टमास्तर
तो दिला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे घेत आलो, स्वतःचा पहिल्यांदाच. बोटाचा ठसा चार वेळा लागला नाही.

जुना_वाडा
मुख्य गोष्ट राहिलीच. किल्ली कोणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. मी चुलतभावाला दिली होती, “दिवा लावत जा” म्हणून. परत आलो तर पुढच्या खोलीत त्याची सोयाबीनची बावीस पोती, आणि अंगणात त्याच्या मेहुणीचा साखरपुडा होऊन गेलेला. मांडवाची भोकं अजून आहेत.

वऱ्हाडी_भाऊ
हे मात्र खरं बोलले. किल्ली नाही म्हणजे नाही. कॅमेरा लावा.

बॅटरीवाला_मामा
मीही तेच सांगतो. किल्ली दिली की घर गेलं. बॅटरीसाठी बाहेरच्या बाहेर जोडणी काढून ठेवता येते.

आर्वीकर
पोलीस पाटलांना आणि ठाण्यात सांगून जा, त्याला खर्च नाही. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आणि वहिनींना म्हणावं, समुद्राचे फोटो परत आल्यावर स्टेटसला ठेवा. आमच्या गल्लीत एकाने विमानतळावरून फोटो टाकला, त्याच रात्री मोटर गेली. तुमची मोटर वर काढून घरात ठेवा, वायरसकट. तांब्याच्या वायरीसाठीच चोरतात.

दर्यापूरची_माई
मांजराचं?

खत_बी_बियाणे
मांजर राहते कशीही. उंदरं खाते.

दर्यापूरची_माई
घर बंद असल्यावर उंदीर आत अन् मांजर बाहेर. मग कशी खाणार?

निवृत्त_पोस्टमास्तर (३ डिसेंबर)
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो. बरेच जण रागावणार आहेत.

किल्ली दिली.

शेजारी बारावी सायन्सची मुलगी आहे. दोन खोल्यांत सहा माणसं आणि टीव्ही रात्री अकरापर्यंत. फेब्रुवारीत परीक्षा. सौ. म्हणाली, आपल्या मागच्या खोल्या रिकाम्या राहणार आणि ही पोर मंदिराच्या ओट्यावर मोबाइलच्या उजेडात वाचते. म्हणून मागचं दार तिच्या ताब्यात दिलं. संध्याकाळी येईल, आजी सोबत झोपेल. पुढच्या भागाला कुलूप. मेन चालूच राहणार आणि बॅटरीही रोजच्या वापरात, म्हणजे मामांची वायर काढायची गरज नाही. पाणी मात्र त्यांच्या सांगण्याप्रमाणे भरलं, तीन बाटल्या लागल्या. मांजराचा प्रश्न मुलीने स्वतःहून मिटवला, तिने नाव ठेवलंय म्हणे. आम्ही अकरा वर्षांत ठेवलं नव्हतं.

कापूस विकला. स्लॉट वेळेत मिळाला नाही, म्हणून गावातच खेडा खरेदीवाल्याला दिला. हमीभावापेक्षा बरेच कमी आले. जिनिंगजवळचे भाऊ, बोलणी खायला तयार आहे. पण ओसरी धुतली त्या रात्री सौ. सलग झोपली.

मोटर काढून आत ठेवली. फ्रिज, मोरी, सिलिंडर माईंच्या शब्दाप्रमाणे. खर्च: एक मोठं कुलूप, मोरीची जाळी, बॅटरीचं पाणी, मागच्या अंगणात एलईडी, महावितरणला दोन हजार आगाऊ. एकूण ३,९००. उरलेल्यातून मुलीला टेबल-खुर्ची घेतली, जुनीच, बाजारातून.

जुना_वाडा
पोती मोजून ठेवा एवढंच सांगतो.

जिनिंगजवळचा
चार दिवस थांबले असते तर स्लॉट मिळाला असता.

सिस्टर_ताई
परत याल तेव्हा एक दिवस आधी मुलीकडून पुढचा भाग उघडून झाडून घ्या. पहिला झाडू वहिनींनी मारायचा नाही. आणि इनहेलर तिकडे जाताना दोन घ्या, एक नाही.

निवृत्त_पोस्टमास्तर (११ जानेवारी)
गुहागरहून लिहितो. नेब्युलायझर महिन्यात दोनदाच काढावा लागला. इथे दमटपणा आहे, कपडे वाळत नाहीत, सौ.ची तेवढी एकच कुरकुर. पहाटे पाणी ओसरलं की ती वाळूत चालते, मी चहा घेऊन बसतो.

घरी सगळं ठीक. वानेरांनी पुढच्या बाजूचे सहा-सात कवेलू फोडले. मुलीच्या वडलांनी वर चढून बसवले, पैसे घेतले नाहीत. जांब संपले म्हणे.

दर्यापूरची_माई
मांजराचं नाव काय ठेवलं?

निवृत्त_पोस्टमास्तर
फिजिक्स.

वऱ्हाडी_भाऊ
म्हणून म्हटलं होतं का कॅमेरा लावा. कवेलू कोणत्या वानेरानं फोडले ते तरी दिसलं असतं.