करंजा बोटीवर तांडेलाचं काम काय असायचं?

सायली, दापोली
आजोबांच्या नळीत (सीडीसी, खलाशाच्या नोकरीची नोंदवही) बोटीचं नाव ‘करंजा’ आणि हुद्दा तांडेल असं आहे. आफ्रिकेच्या लाइनवर होते एवढंच आईला माहीत. पण बोटीवर करायचे काय, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. त्या बोटीवरचं कुणी आहे का इथे?

अंजनवेलचा खलाशी
आहे बेटी. मी सांगतोय, नातू टाइप करतोय.

डेकवर सारंग मोठा. त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसब (सामान सांभाळणारा), सुकाणी आणि आम्ही खलाशी. मालमसाहेब, म्हणजे बोटीचा अधिकारी, काम सारंगाला सांगणार आणि ते आमच्याकडून करून घेणार तांडेल. अंधारात डेक धुवायचं, मग दोर, रंग, ताडपत्र्या, लाइफबोटी. फर्स्ट क्लासचं मला विचारू नको. तिकडे गोव्याचे बटलर, आम्ही गेलो तर पितळ घासायला.

खरी बोट खालच्या डेकवर. तिकडे शेकड्यांनी माणसं, बहुतेक गुजराती, काही आपलेही. ट्रंका लावून प्रत्येकाने आपली जागा आखलेली. जूनमध्ये मुंबईचं बॅलार्ड पियर सोडलं आणि प्राँग्सचं दीपगृह मागे पडलं की समोरून पावसाळी वारा. दोन दिवस कुणी जेवायचं नाव काढायचं नाही. अशात लोणच्याची बरणी फुटली की तेल लाकडी डेकवर पसरणार, त्यावर पोरं घसरणार. भुसा टाकून आम्ही पुसत बसायचो. आमचा तांडेल हुशार. बोट सुटायच्या आधीच दोरी घेऊन फिरायचा आणि बायकांच्या बरण्या खांबाला बांधून टाकायचा. “चाची, आफ्रिकेत काढ, तोवर हात लावू नको!” साहेबाने सांगितलेलं काम नव्हे हे.

सेशेल्सला बोट बाहेरच नांगर टाकायची, माणसं लाँचने उतरायची. १९७१ मध्ये विमानतळ झाला, तोवर त्या लोकांना आमच्याच बोटींचा आधार. पुढे मोंबासा, झांझिबार, दारेसलाम, खाली डर्बनपर्यंत.

१९७२ ला इदी अमीनने युगांडातून आपली माणसं हाकलली. मोंबासाला चढलेले लोक पाहिले मी. दुकानं, घरं सोडून आलेले. कुणी जागेवरून भांडत नव्हतं. एरवी पहिल्या रात्री हातभर जागेसाठी नुसता कालवा असायचा.

हर्णैकर
करंजा आणि कंपाला जुळ्या बोटी, ब्रिटिश इंडिया कंपनीच्या. धुरांडं काळं, त्यावर दोन पांढरे पट्टे. १९७६ मध्ये करंजा शिपिंग कॉर्पोरेशनने घेतली आणि तिची ‘नानकौरी’ झाली. त्या नावाने शोधलंत तर आणखी फोटो मिळतील.

सायली, दापोली
आभार दोघांचे. काका, तुमच्या त्या तांडेलाचं गाव आठवतं का? आमचं आडे.

अंजनवेलचा खलाशी
आमचा खाडीपलीकडचा, दाभोळचा. पण तांडेल काही एकच नसायचा. सारंग आपल्या ओळखीची माणसं घेऊन यायचा, त्यामुळे आजोबांचा सारंग कुठला ते आधी गावात विचार. आड्यातली एखादी म्हातारी सांगेल. नळीत साइन-ऑनच्या (बोटीवर रुजू झाल्याच्या) तारखा असतील, वर्षं इथे लिही. ६८ नंतरची असली तर आम्ही एकाच भंडाऱ्याच्या (बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या) हातचं खाल्लं असेल. डाळ पातळ करायचा लेकाचा.