मदत हवी आहे: लाइव्ह मायग्रेशनमधला स्ट्रक्ट बदलला आणि पानं हरवली

नमस्कार मंडळी. आमचा क्यूएमूवर (व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) बेतलेला एक फोर्क (स्वतःची वेगळी आवृत्ती) आहे. चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर (यंत्रावर) नेताना, म्हणजे लाइव्ह मायग्रेशनमध्ये, तो आठ चॅनेलवरून मेमरी पाठवतो. एका पॅकेटात मेमरीची १२८ पानं, प्रत्येकी ४ केबी. त्यांचे ऑफसेट (मेमरीतल्या जागा) ठेवणारा अ‍ॅरे आधी वेगळा अलोकेट व्हायचा. एका स्ट्रक्टसाठी (सी भाषेतला डेटाचा गठ्ठा) दोन मॅलॉक (मेमरी मागणं), दोन फ्री (ती परत देणं). मला ते खुपत होतं (न दुखणाऱ्या जागी हात घालायची सवय!), म्हणून तो स्ट्रक्टच्या शेवटी फ्लेक्झिबल अ‍ॅरे (लांबी अलोकेट करताना ठरणारा) करून टाकला.

युनिट टेस्ट पास. पण व्हीएम पलीकडे उठली की मिनिटभरात गेस्टचा (व्हीएमच्या आतल्या ओएसचा) कर्नल पॅनिक. दोन दिवस डर्टी बिटमॅपवर (कोणती पानं बदलली याची नोंद) संशय घेतला. काल घाटकोपरला उभ्याउभ्या डिफ वाचताना दिसलं: एका जागी मी पॉइंटर अदलाबदल न करता थेट '*अ = *ब' लिहिलंय. त्यात पानांची संख्या तेवढी कॉपी होते, शेवटचा अ‍ॅरे जुनाच राहतो. म्हणजे चुकीची पानं रवाना!

आता पॉइंटर अदलाबदलीवर परत जाऊ, की १२८ चा ठरावीक अ‍ॅरेच आत ठेवू? ६४ बिटचे ऑफसेट धरले तर चॅनेलमागे जेमतेम १ केबी, मला तर हेच पटतंय. पण पानाचा आकार बदलणाऱ्या आर्किटेक्चरवर फसेल का?

शिवाय जी-मॅलॉक (जीलिब लायब्ररीतला मॅलॉक) अपयशी ठरला तर अख्खी प्रोसेस अ‍ॅबॉर्ट होते, म्हणजे मायग्रेशनपायी सोर्सवरची धडधाकट व्हीएमही जाणार. मोठ्या बफरांसाठी जी-ट्राय-मॅलॉक (अपयशी ठरला तरी अ‍ॅबॉर्ट न करणारा) वापरून फक्त मायग्रेशन रद्द करता का तुम्ही?