अनुभव धागा: परवान्यावरचा वर्ग आणि हातातली गाडी

परवाना आहे, पण कोणत्या वर्गाचा? शिकवताना, गाड्या ताब्यात देताना किंवा विम्याचे दावे बघताना ज्यांना हे रोज तपासावं लागतं, त्यांनी इथे नेमकं लिहा. भारतातलेच नियम, आणि लोक कुठे चुकतात तेही.

चक्रधर
दुचाकीचे वर्ग दोन. एमसीडब्ल्यूओजी म्हणजे बिनगिअरची, एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची. स्कूटरवर टेस्ट देऊन पहिला वर्ग घेतला, तर मोटरसायकल चालवता येत नाही. पुढे बाईक घ्यायचा विचार असेल तर टेस्ट गिअरच्याच गाडीवर द्या.

विजेच्या स्कूटरला बिनगिअरचा वर्ग पुरतो. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत अशी मान्यताप्राप्त गाडी असेल तर परवानाच लागत नाही. कंट्रोलर बदलून वेग वाढवला की ही सूट गेली.

सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतचा. तो घेऊन ११० सीसीची स्कूटर चालवणारी मुलं सर्रास दिसतात. पकडलं गेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

वजनकाटा
सगळ्यात जास्त घोळ एलएमव्हीत, म्हणजे हलक्या मोटार वाहनांच्या वर्गात. लोकांना वाटतं, एलएमव्ही म्हणजे कार. कायद्यात मर्यादा ७५०० किलोची आहे. कार, ट्रॅक्टर आणि रोड रोलरला रिकाम्या गाडीचं वजन धरतात. मालवाहू गाडी आणि बसला भरलेल्या गाडीचं, म्हणजे आरसीवरचं (नोंदणी प्रमाणपत्रावरचं) जीव्हीडब्ल्यू, एकूण वजन. बऱ्याच टेम्पोंच्या आरसीवर ७४९० किलो दिसतं, ते याच मर्यादेमुळे.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं, की ७५०० किलोच्या आतली व्यावसायिक गाडी साध्या एलएमव्हीवर चालवता येते, ट्रान्सपोर्टची, म्हणजे व्यावसायिक वाहतुकीची, वेगळी नोंद लागत नाही. यापूर्वी विमा कंपन्या याच मुद्द्यावर दावे अडवत. ई-रिक्षा आणि धोकादायक मालाच्या गाड्यांचे खास नियम मात्र कायम आहेत. चावी देण्याआधी परवाना आणि आरसी शेजारी ठेवून वाचा. गाडीच्या आकारावरून अंदाज बांधू नका.

लांबपल्ला
७५०० किलोच्या वर ट्रान्सपोर्ट वर्ग. वय किमान २०, एलएमव्ही परवाना किमान एक वर्ष जुना, डॉक्टरांचा फॉर्म १-ए (वैद्यकीय दाखला) आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (प्रशिक्षणाचा दाखला). मुदत ५ वर्षे, धोकादायक मालासाठी ३. कार्डावर ‘एनटी’ (खासगी गाड्या) आणि ‘टीआर’ (ट्रान्सपोर्ट) अशा मुदतीच्या दोन तारखा असतात. टीआरची तारीख उलटली तरी एनटी चालू असेल तर घरची कार चालवता येते, ट्रक नाही.

उजवी मार्गिका
नवा वर्ग जोडायचा असेल तर त्या वर्गाचं लर्निंग लायसन्स आधी. ते ६ महिने चालतं, टेस्ट ३० दिवसांनंतर. टेस्टची गाडी त्याच वर्गाची हवी. आरसा तुटलेला, पीयूसी संपलेली, एल पाटी नाही, एवढ्यावरही उमेदवाराला परत पाठवतात. एल लाल, पाटी पांढरी, १८ सेंमी चौरस, पुढे आणि मागे दोन्हीकडे.

दुचाकीच्या टेस्टमध्ये आठाच्या आकाराच्या ट्रॅकवर पाय टेकतो तो वेग फार कमी केल्यामुळे, आणि नजर पुढच्या चाकावर खिळल्यामुळे. नजर वळणाच्या पुढे हवी. कारच्या टेस्टमधल्या एच आकाराच्या ट्रॅकवर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उशिरा फिरवलं की मागचं चाक रेषेवर जातं. हाफ क्लच धरून (क्लच अर्धा दाबून) अगदी सावकाश घ्या.

निशिगंध
ऑटोमॅटिक कारवर टेस्ट दिली तरी वर्ग एलएमव्हीच. वेगळा शिक्का नसतो. कायद्याने गिअरची कारही चालवता येते. पण क्लचची सवय नसताना थेट घाटात नेऊ नका, आधी मोकळ्या मैदानात चढावर गाडी उचलायला शिका.

वजनकाटा
एक राहिलं. मुदत संपल्यावर वर्षभरात नूतनीकरणाचा अर्ज केला नाही, तर टेस्ट पुन्हा द्यावी लागते. अर्ज मुदतीआधी एक वर्षापासून करता येतो.